श्वासनलिकांतले झाड 🧵

१८१९. पॅरिसच्या रने लाएनेक याने आपल्या ग्रंथात ब्राँकिएक्टेसिसचे, म्हणजे कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिकांचे वर्णन केले. चिवट खोकला, भरपूर कफ, कधी त्यात रक्त. स्टेथोस्कोप त्याचाच, १८१६ चा. मात्र कानाने टिपलेल्याची खात्री पटे ती शवविच्छेदनात. रुग्णाला त्याचा काय उपयोग!

१८९५ मध्ये क्ष-किरण आले, तरी साध्या छायाचित्रात या नलिका नीट दिसत नसत. १९२२ मध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी खसखशीच्या तेलातले आयोडीन, म्हणजे लिपिओडॉल, जिवंत माणसाच्या श्वासनलिकांत सोडले. छायाचित्रात उलटे झाड उमटले. रोगट फांद्या कुठे नळकांड्यांसारख्या, कुठे पिशव्यांसारख्या. रुग्णासाठी प्रकार त्रासदायकच, परंतु फुप्फुसाचा कोणता भाग कापून काढायचा हे शल्यविशारद त्यावरून ठरवीत.

पुढे सीटी स्कॅनने तेलाला निवृत्त केले. त्यात रुंद नलिका आणि तिला चिकटलेली लहान धमनी मिळून खड्याची अंगठी दिसते.