माशाच्या जंतूचा जन्मदाखला

उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या भिगवण-इंदापूर पट्ट्यात चिलापी हा रोजच्या ताटातला मासा. कागदोपत्री नाव तिलापिया. तळ्यातले किंवा पिंजऱ्यातले मासे मेले की आपल्याकडे दोनच कारणं कानावर येतात: पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, नाहीतर कुणीतरी विष टाकलं. ही कारणं खरीही असतात. पण तिसरं कारण असू शकतं, ते म्हणजे जंतू. तो शोधायचा तर तोवर मासे पुरून झालेले असतात. हा शोध नीट घेतला तर काय हाती लागतं, त्याचा एक इतिहास आज सांगतो. घडला सिंगापूरला, पण धागा चिलापीपर्यंत येतो.

साल २०१५. सिंगापूरच्या रुग्णालयांत एकाच जंतूचे रुग्ण अचानक वाढले. जंतू होता स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए. डॉक्टर त्याला 'ग्रुप बी स्ट्रेप' म्हणतात. आपल्या दूधवाल्यांशी याचं जुनं वैर आहे. गाई-म्हशीच्या कासेला 'दगडी' होते, ती ज्या जंतूंमुळे होते त्यातलाच हा एक. नावाचा अर्थच 'दूध नाही' असा आहे. माणसांत तो एरवी नवजात बाळं, गरोदर बायका आणि आधीच आजारी असलेले वयस्कर यांना गाठतो. पण इथं धडधाकट माणसं येत होती. कुणाच्या मेंदूच्या आवरणाला सूज, कुणाच्या सांध्यात पू.

टॅन टॉक सेंग रुग्णालयातले सूक्ष्मजीवतज्ज्ञ टिमथी बार्कहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यात पाणी मुरतंय असं वाटलं. चौकशीत एक समान गोष्ट निघाली: कच्चा मासा. तिथं 'युशेंग' नावाचा प्रकार मिळतो, गोड्या पाण्यातल्या माशाचे पातळ कच्चे काप, बऱ्याचदा तांदळाच्या पेजेबरोबर. मासे दोन जातींचे. एक बिगहेड, म्हणजे आपल्या चंदेऱ्याचा भाऊबंद. दुसरा तोमान, म्हणजे मरळच्या कुळातला.

आता संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. पुरावा दिला जिनोम सिक्वेन्सिंगनं. या जंतूची सगळी आनुवंशिक माहिती साधारण २० लाख अक्षरांत लिहिलेली असते. ही पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि दुसऱ्या नमुन्याशी ताडून बघायची. दोन नमुन्यांत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांचा पूर्वज जवळचा. सुमारे १५० रुग्णांत एकच वाण निघाला, त्याला 'एसटी २८३' म्हणतात. बाजारातल्या माशांतला जंतूही त्याच घराण्यातला निघाला. जुलैमध्ये विक्रेत्यांना हे दोन मासे कच्चे विकणं थांबवायला सांगितलं गेलं. डिसेंबरमध्ये गोड्या पाण्यातला कुठलाही मासा कच्चा वाढायला सिंगापुरात बंदी आली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हा वाण आला कुठून? बार्कहॅम आणि जिनोम इन्स्टिट्यूट ऑफ सिंगापूरचे स्वेन चेन यांच्यासह अनेक देशांतल्या संशोधकांनी जुने नमुने बाहेर काढले. हाँगकाँग, थायलंड, लाओस, व्हिएतनाम इथल्या रुग्णांचे, आणि त्या भागातल्या आजारी तिलापियाचेही. अक्षरं ठरावीक वेगानं बदलत जातात, त्यामुळे फरक मोजला की वंशाचं वय काढता येतं. २०१९ साली निष्कर्ष छापून आला: हा वाण १९८० च्या दशकात पसरू लागला असावा. आग्नेय आशियात तिलापियाची शेती जोमात वाढली, तो काळही हाच. थायलंड आणि लाओसमधल्या तपासलेल्या रुग्ण-नमुन्यांत निम्म्याहून जास्त याच वाणाचे होते. म्हणजे तीसेक वर्षं हा जंतू तळ्यात आणि दवाखान्यात दोन्हीकडे वावरत होता, फक्त दोन्हीकडची कागदपत्रं कुणी एकत्र ठेवून पाहिली नव्हती.

यातून चिलापी सोडा असा अर्थ कुणी काढू नये, आणि तसले फॉरवर्डही फिरवू नयेत. आपण मासा रस्सा करून किंवा तळून खातो. नीट शिजवला की हा जंतू मरतो.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती फ्रीजरमधल्या नमुन्यांची. यंत्र कितीही भारी असू द्या, ते जपून ठेवलेलाच जंतू वाचणार. कुण्या प्रयोगशाळेनं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बाटली फेकून दिली असती, तर हा इतिहास लिहिलाच गेला नसता.

आपल्याकडे सोय अगदीच नाही असं नाही. जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून आहे. २०२३ साली केंद्रानं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे ॲप आणलं. उदगीर, नागपूर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तेव्हा शेततळं किंवा पिंजरे असणाऱ्यांना एवढंच सांगणं: मर दिसली की सडलेला मासा उपयोगाचा नसतो. मरायला टेकलेले दोन-चार मासे पिशवीत घालून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्य खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयाला फोन करा. तारीख, तळं आणि बीज कुठून आणलं, हे वहीत लिहून ठेवा. पंचनाम्याच्या कागदापेक्षा ही नोंद पुढे जास्त बोलेल.