खाल्लेलं अंगी का लागत नाही?

मंडळी, आजचा लेख जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. गेले तीन वीकांत मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलोय, आणि तो प्रश्न २००६ पासून डोक्यात पडून आहे.

त्या वर्षी आमच्या आप्पाकाकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. निदान झालं तेव्हा वजन ७१ किलो, पाच महिन्यांनी ४८. काकू दिवसभर स्वयंपाकघरात. मऊ भात, नाचणीची पेज, तुपातला शिरा. जन्मात घरात अंडं न आणलेल्या बाईने त्यांच्यासाठी अंडी उकडली. काका दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी पुण्याहून शनिवार-रविवार सांगलीला जायचो. एका रविवारी मी चक्क चिडलो त्यांच्यावर. "आप्पा, तुम्ही मनावरच घेत नाही. खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार?" ते काही बोलले नाहीत. वाटी उचलून तीन चमचे शिरा खाल्ला आणि दहा मिनिटांत सगळा उलटून पडला. दीड महिन्याने ते गेले.

तर प्रश्न असा: ते खात नव्हते म्हणून खंगत होते, की खंगत होते म्हणून खात नव्हते?

या खंगण्याचं वैद्यकातलं नाव कॅकेक्सिया. 'वाईट' आणि 'स्थिती' अशा दोन ग्रीक शब्दांची जोड. नाव जुनं, पण मोजमाप बऱ्याच उशिरा सुरू झालं. १९३२ मध्ये बॉस्टनच्या शील्ड्स वॉरन या पॅथॉलॉजिस्टने कॅन्सरने गेलेल्या ५०० जणांची शवविच्छेदनं तपासून मृत्यूचं नेमकं कारण काय ते नोंदवलं. साधारण पाचातल्या एकाच्या पुढे कॅकेक्सिया. म्हणजे या माणसांना गाठीने थेट मारलं नव्हतं, ती झिजून गेली होती. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ३,०४७ रुग्णांची आकडेवारी आली. उपचारांआधीच ज्यांचं वजन घटलं होतं ते कमी जगले.

मग इलाज काय? आमच्या काकूला सुचला तोच: खायला घाला. १९६८ मध्ये स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी शिरेतून पूर्ण आहार देता येतो हे दाखवलं होतं. तोंड नको, आतडं नको, सगळं थेट रक्तात. पुढची वीस वर्षं केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. आयुष्य वाढलं नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढला. १९८९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सरळ सांगून टाकलं की केमो घेणाऱ्यांना सरसकट असा आहार देऊ नका.

हे वाचून मी थांबलो आणि चहा करून आलो. १९८९! आमचं भांडण २००६ चं.

उपाशी माणूस आणि कॅकेक्सियाचा माणूस दिसायला सारखे, पण आतला कारभार वेगळा. उपाशी शरीर हिशोबी असतं. आधी चरबी जाळतं, खर्च कमी करतं, स्नायू शक्यतो राखतं. खायला मिळालं की भरून येतं. कॅकेक्सियात चरबी आणि स्नायू दोन्ही एकदम वितळतात, आणि खर्च कमी व्हायला हवा तसा होत नाही. यकृत सूज-दाहाची प्रथिनं बनवत बसतं, त्याला लागणारा कच्चा माल स्नायूंतून येतो. आपल्याकडच्या बायका 'खाल्लेलं अंगी लागत नाही' म्हणतात, ते शब्दशः खरं आहे.

मधल्या काळात एक सुंदर चुकीचं उत्तरही येऊन गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या जोसेफ गोल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलं की गाठ साखर अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल टाकते, यकृत शक्ती खर्चून त्याची परत साखर करतं, गाठ ती पुन्हा खाते. अनंत लूप, आणि बिल शरीराच्या नावावर. मग लूप तोडा! त्यासाठी त्यांनी निवडलं हायड्रझिन सल्फेट. (हो, रॉकेटच्या इंधनातलं ते हायड्रझिन, त्याचाच हा क्षार.) लॉजिक इतकं देखणं की मीसुद्धा विश्वास ठेवला असता. यावरून अमेरिकेत अनेक वर्षं रण माजलं, डॉक्टर मुद्दाम दडपताहेत असे आरोप झाले. १९९४ मध्ये तीन नियंत्रित चाचण्यांचे निकाल एकदमच छापून आले: काही उपयोग नाही.

आता माझा आवडता भाग. हा कॅन्सरपासून सुरूच होत नाही, सशांपासून होतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले अँथनी सेरामी आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवींवर काम करत होते. लागण झालेले ससे भयंकर वाळायचे, पण अंगात परजीवी फारसे नसायचे. म्हणजे परजीवी अन्न पळवत होते असंही नाही. आणि सगळ्यात विचित्र, या उपाशी दिसणाऱ्या सशांचं रक्त चरबीने दुधासारखं पांढरं! चरबी रक्तात तरंगतेय, पण ती उचलून पेशींपर्यंत नेणारं विकर बंद पडलंय. १९८० चा हा शोधनिबंध. कोठार भरलेलं आणि चावी हरवलेली.

चावी कोण लपवतंय? सेरामी आणि कावाकामी यांनी १९८१ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. उंदरांची एक जात आहे, जिवाणूंच्या विषाला दादच न देणारी. साध्या उंदरांना ते विष टोचलं, त्यांच्या रक्तातला द्रव काढला आणि या निगरगट्ट उंदरांना दिला. त्यांचंही विकर बंद पडलं! म्हणजे काम जिवाणूच्या विषाचं नव्हतं. साध्या उंदराच्या शरीराने स्वतःच काहीतरी बनवलं होतं. त्या अज्ञात वस्तूला नाव दिलं कॅकेक्टिन.

मग ब्रूस बॉयटलर या तरुण डॉक्टरने ती शुद्ध केली आणि १९८५ मध्ये तिची अमिनो आम्लं वाचली. ती आधीच माहीत असलेल्या एका प्रथिनाशी जुळली: टीएनएफ. हे टीएनएफ १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच लॉइड ओल्ड यांच्या गटाने वर्णन केलं होतं, ते उंदरांतल्या गाठी मारणारं म्हणून! नावाचाच अर्थ 'गाठ कुजवणारा घटक'. औषध म्हणून ज्याच्याकडे आशेने बघत होते, तेच खंगवणारं निघालं. (त्या निगरगट्ट उंदरांमध्ये नेमकं काय बिघडलंय हे बॉयटलरने १९९८ मध्ये शोधलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाला. वर्षानुवर्षं एकच बग धरून बसणारी माणसं मला देवासारखी वाटतात.)

आता गोष्ट संपायला हवी होती. टीएनएफ अडवा, खंगणं थांबेल. टीएनएफ अडवणारी औषधं १९९८ पासून बाजारात आली आणि संधिवातात त्यांनी कमाल केली. कॅन्सरने खंगलेल्यांत मात्र २००७ ते २०१० च्या चाचण्यांमध्ये ती साफ पडली. एक वायर कापली तर दुसरीतून करंट चालूच.

पण आशा २०१० मध्ये एका वेगळ्याच प्रयोगाने जागी ठेवली. संशोधकांनी गाठ असलेल्या उंदरांत स्नायू घटवणारा संकेत अडवला. गाठ वाढतच राहिली, तरी स्नायू परत आले आणि उंदीर जास्त जगले. म्हणजे खंगणं हा कॅन्सरचा नुसता परिणाम नाही, तो स्वतंत्रपणे मारतो आणि स्वतंत्रपणे अडवता येतो. माणसांत हे इतकं सोपं नाही. अ‍ॅनामोरेलिन नावाच्या औषधाने २०१६ च्या दोन मोठ्या चाचण्यांत स्नायूंचं वजन वाढलं, हाताच्या पकडीतली ताकद नाही वाढली. आमच्या भाषेत, डॅशबोर्ड हिरवा आणि युजर तिथेच. युरोपने ते २०१७ मध्ये नाकारलं, जपानने २०२१ मध्ये मंजूर केलं.

आणि आता जे वाचून माझी झोप उडाली ते. सिडनीच्या सॅम्युअल ब्राइट यांच्या गटाने १९९७ मध्ये एक प्रथिन शोधलं होतं, आज त्याला जीडीएफ-१५ म्हणतात. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की काही गाठी ते भरमसाट सोडतात आणि उंदीर खाणं सोडतात. ते प्रथिन नेमकं कुठे जाऊन बसतं, हे २०१७ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. जागा मेंदूच्या मागच्या भागात, मळमळ आणि उलटीची सूत्रं जिथून हलतात तिथे. म्हणजे अन्नाचा वास आला की तो भाग 'विष आहे, नको' म्हणून ओरडत असणार. मनावर घेण्या-न घेण्याचा संबंधच नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पॉन्सेग्रोमॅब या जीडीएफ-१५ पकडणाऱ्या प्रतिपिंडाच्या चाचणीचे निकाल आले. फुफ्फुस, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १८७ रुग्ण, १२ आठवडे. सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात औषध न मिळालेल्यांपेक्षा वजन सरासरी २.८ किलोंनी जास्त. चाचणी दुसऱ्या टप्प्याची, म्हणून हुरळून जाऊ नये. तरी २.८ किलो!

आपल्या देशातूनही एक उत्तर आलंय, आणि ते स्वस्त आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेरने १२४ रुग्णांना केमोसोबत ओलान्झापिनची अगदी छोटी, रोज २.५ मिलिग्रॅमची मात्रा किंवा खोटी गोळी दिली. हे मूळचं मनोविकारांवरचं जुनं औषध, वजन वाढणं हा त्याचा बदनाम दुष्परिणाम. २०२३ मध्ये निकाल छापून आला: वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलेले औषधाच्या गटात ६०%, दुसऱ्या गटात ९%. त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने ते आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतलं. घरी कोणी असं खंगत असेल तर आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. फक्त विचारा, मेडिकलमधून स्वतः आणू नका.

गेल्या रविवारी सांगलीला जाऊन आलो. काकू आता ७९ ची आहे. तिला सगळं सांगितलं, सशांपासून. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शेवटी शेवटी मी ताट घेऊन खोलीत आले की हे तोंड फिरवायचे. मला वाटायचं, माझ्या हातचंच नकोसं झालंय ह्यांना."

मी पेन मागितलं आणि लाईटच्या बिलामागे डोक्याचं चित्र काढून तो मागचा भाग कुठे असतो ते तिला पुन्हा एकदा दाखवलं. चष्मा लावून तिने ते बराच वेळ बघितलं. बिल अजून भरायचं होतं, तरी मला परत दिलं नाही.