खूर, नाल आणि नालबंदी

पेशवेकालीन कागदांत ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार भेटतो. अमुक शिलेदारास नालबंदीबद्दल इतके रुपये दिले, असें वाचलें कीं हा घोड्यांस नाल ठोकण्याचा खर्च, असें सहज वाटतें. आम्हीहि पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों. इतकेंच नव्हे, तर अशा एका रकमेवरून पथकांतील घोड्यांची संख्या काढण्याचा उद्योगहि आम्हीं केला होता. तो कां फसला हें सांगावें, आणि त्या निमित्तानें अश्वखुराच्या निगेविषयीं जुन्या ग्रंथांची साक्ष पाहावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘नाल’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ पादत्राण. त्यास फारसी ‘बंद’ जोडून ‘नालबंद’ झाला. अमरकोशांत लगामास कविका व खलीन आणि खुरास शफ व खुर अशीं नांवें शेजारीं शेजारीं दिलीं आहेत. नालास मात्र नांव नाहीं. मौनावरून अभाव सिद्ध होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु घोड्याच्या वैद्यास हिंदुस्थानींत ‘सालोत्री’ म्हणतात, आणि तो शालिहोत्र या नांवाचा अपभ्रंश आहे. एकाच पागेंत वावरणाऱ्या दोघांपैकीं वैद्याचें नांव संस्कृतांतून आलें आणि नाल ठोकणाराचें अरबी-फारसींतून. यावरून खिळ्यांनीं नाल ठोकण्याची कला आपल्याकडे मागाहून रूढ झाली असावी, असें आमचें अनुमान आहे.

मग नालावांचून खूर कसा राखीत? अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. घोड्याचें ठाण त्याच्या लांबीइतकें चौरस असावें, तळास गुळगुळीत फळ्या असाव्या व मलमूत्र निघून जाण्याची सोय असावी, असें तेथें सांगितलें आहे. कारण दिलेलें नाहीं. पण ओल्या शेणमुतांत उभ्या राहणाऱ्या घोड्याचा खूर मऊ पडून सडतो, हें कोणताहि मोतद्दार सांगेल. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांतील ग्रीक लेखक झेनोफन हा तर ओलसर जमिनीप्रमाणेंच गुळगुळीत जमिनीसहि दोष देतो, आणि घोड्यास मुठीएवढ्या गोल दगडांवर उभें करावयास सांगतो. उपाय भिन्न असले, तरी दोघांचाहि भर लोखंडावर नसून पायांखालच्या जमिनीवर आहे.

खूर ही निर्जीव खुंटी नव्हे. तो महिन्यास सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढतो. भार पडतांच किंचित् पसरतो व पाय उचलतांच आवळतो. खिळ्यांचा नाल या पसरण्यास अडथळा करतो, असें प्रतिपादन ब्रेसी क्लार्क या इंग्रज अश्ववैद्यानें १८०९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध करून केलें. त्यानेंच पुढें प्राचीनांच्या नालविषयक ज्ञानावर स्वतंत्र निबंध लिहिला.

आतां कागदांकडे वळूं. शाही घोड्यांस वर्षांतून दोनदां नाल बसवीत व चार नालांचा दर ८ दामांवरून १० दाम झाला, अशी नोंद आईन-इ-अकबरींत आहे. सहा महिन्यांत खूर साडेतीन ते सहा सेंटिमीटर वाढणार. आजचे नालबंद सहा ते आठ आठवड्यांनीं नाल काढून खूर तासतात. तेव्हां मधल्या काळांत खूर तासून तोच नाल पुन्हा बसवीत असावेत, किंवा घोडा अनवाणी ठेवीत असावेत. ती नोंद खर्चाच्या मंजुरीची आहे. तबेल्यांतील समग्र रीत तिच्यावरून कळत नाहीं.

मराठी कागदांतील नालबंदी तर याहूनहि दूर गेलेली आहे. मोहिमेपूर्वीं तयारीसाठीं शिलेदारास दिलेली आगाऊ रक्कम, असा तिचा अर्थ होता. नाल हें निमित्त उरलें होतें. आम्हीं त्या रकमेस नालांच्या दरानें भागिलें, आणि त्या पथकास न शोभणारा घोडदळाचा समुद्र कागदावर उभा राहिला! दोष कागदाचा नव्हता, वाचणाराचा होता.

नाल असावा कीं नसावा, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. अमेरिकेंतील जेमी जॅक्सन यांनीं रानटी घोड्यांचे खूर पाहून १९९२ सालीं ‘द नॅचरल हॉर्स’ हा ग्रंथ लिहिला व अनवाणी घोड्याचा पक्ष पुढें मांडला. कित्येक लोक गरजेपुरते रबरी बूट घालतात. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, कोरडी जमीन, भरपूर चाल व वेळच्या वेळीं तासणी असेल तेथें पुष्कळ घोड्यांचें नालावांचून भागतें. खूर वाढण्यापेक्षां झिजतो अधिक, तेथें नाल किंवा बूट लागतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हीं कलकत्त्यास छापलीं गेलीं आहेत; परंतु शालिहोत्राच्या देशभाषेंतील पोथ्या किरकोळ म्हणून रुमालांच्या तळाशीं पडून राहतात. अशी पोथी हातीं आल्यास तींत नालाचा उल्लेख आहे काय, असल्यास तो मूळ ग्रंथांत आहे कीं समासांत, आणि अक्षर त्याच हातचें आहे काय, एवढें टिपून ठेवावें. आमचें वरील अनुमान खरें कीं खोटें, हें त्या समासांवरूनच ठरेल. वाळवीचें काम त्याआधीं पुरें होऊं नये.