दोन मजल्यांमधली भर

जुन्या व्यापारी इमारतींची दुरुस्ती निघाली आणि वरची फरशी उखडली गेली की खाली विटांचे तुकडे, वाळू, कोळशाची राख किंवा भाजलेल्या मातीचे पोकळ ठोकळे सापडतात, आणि हा सारा थर उष्णता अडवण्यासाठी घातला असावा असे सहज मानले जाते. या भरीचा इतिहास मात्र थंडीपासून किंवा उन्हापासून नव्हे, तर आगीपासून सुरू होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कापडगिरण्यांचे मजले लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेले असत. त्या फळ्यांत यंत्रांचे तेल मुरलेले असे, हवेत कापसाचे तंतू तरंगत असत आणि उजेड उघड्या ज्योतीचा असे, त्यामुळे एका मजल्यावर पडलेली ठिणगी अख्ख्या इमारतीचा घास घेई. १७९१ मध्ये लंडनची आल्बियन ही वाफेवर चालणारी पिठाची गिरणी जळून खाक झाली, तेव्हा भांडवल घालणाऱ्यांना या धोक्याचे खरे मोल कळले.

विल्यम स्ट्रट या गिरणीमालकाने १७९२-९३ मध्ये डर्बी येथे बांधलेल्या गिरणीत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब उभे केले, लाकडी तुळयांच्या उघड्या बाजूंवर गिलावा चढवला, दोन तुळयांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी वळवल्या आणि कमानींच्या पाठीवरचा खळगा वाळूने भरून त्यावर विटांची फरशी बसवली. सर्वांत वरच्या मजल्यावर त्याने भरीव विटांऐवजी मातीची पोकळ भांडी वापरली. फ्रान्समध्ये आधीच रुळलेल्या या युक्तीने कमान हलकी झाली. चार्ल्स बेज याने १७९६-९७ मध्ये श्रूझबरीजवळ डिथरिंग्टन येथे तागासारख्या जवसाच्या धाग्याची गिरणी बांधताना तुळयाही बिडाच्या केल्या, आणि लोखंडी सांगाड्याची जगातील पहिली इमारत म्हणून ती आज ओळखली जाते. बेल्परची लाकडी मजल्यांची गिरणी १८०३ मध्ये जळाल्यावर तिच्या जागी स्ट्रटने लोखंड आणि विटांचीच नवी इमारत उभारली.

या पद्धतीतला मोठा दोष शिकागोत उघड झाला. ऑक्टोबर १८७१ च्या महाआगीत असे दिसले की लोखंड जळत नसले तरी तापल्यावर त्याचे बळ जाते, आणि उघड्या लोखंडाचा आधार असलेला विटांचा मजला त्याच्यासकट खाली येतो. म्हणून लोखंडालाच आवरण हवे होते. जॉर्ज जॉन्सन याने १८७२-७३ च्या सुमारास शिकागोच्या केंडल इमारतीत भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांची सपाट कमान वापरली. पुढे हे ठोकळे असे घडवले जाऊ लागले की टोकाचा ठोकळा गर्डरच्या खालच्या पात्यालाही झाकून घेई. काही कारखाने मातीत लाकडाचा भुस्सा मिसळत. भट्टीत भुस्सा जळून जाई आणि मागे राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे ठोकळा हलका होई, शिवाय त्यातून उष्णता सावकाश जाई. हलकेपणाचे महत्त्व तेथे विशेष होते, कारण शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची असून उंच इमारतीचे प्रत्येक मण वजन पायाला जड जात होते.

ठोकळ्यांवर राखाडी, म्हणजे बॉयलरमधून निघणारी कोळशाची जळकी खडी, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये कालवून पसरली जाई, तिच्यात लाकडी पट्ट्या बसवल्या जात आणि त्यांवर फळ्या ठोकल्या जात. हा थर स्वस्त व हलका होता, पावलांचा आवाजही काहीसा दाबत होता. पण राखाडीतील गंधकाला ओल मिळाली की तिच्यात गाडलेले लोखंड कुजे, हा तिचा दुर्गुण उशिरा ध्यानात आला. उष्णतारोधनाचा स्वतंत्र विचार या मजल्यांत जवळजवळ नव्हता, आणि ते स्वाभाविकच होते: वरचा व खालचा दोन्ही मजले वाफेच्या नळांनी सारखेच तापवलेले असताना त्यांच्यामधून जाणारी उष्णता अडवून काही साधत नव्हते. शीतगृहांत मात्र ही गरज खरी होती, आणि तेथे बुचाच्या सालीच्या जाड पाट्या मजल्यात घातल्या जात.

मुंबईत हे तंत्र ब्रिटिश अमलात जॅक आर्च या नावाने रुजले: दोन गर्डरमध्ये विटांची बुटकी कमान, तिच्यावर चुन्याचा कोबा आणि वर लादी. येथे हिवाळ्याचा प्रश्न नव्हता. उन्हाचा मारा फक्त गच्चीवर पडे, आणि तेथे विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा पाणी व ऊन दोन्ही अडवी. परंतु गर्डरची खालची पाती बहुधा उघडीच राहत असल्याने शिकागोने दिलेले संरक्षण या मजल्यांना लाभले नाही, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज नेमका तेथेच धरला. अशा मजल्याची दुरुस्ती करताना भर निव्वळ राडारोडा समजून एकाच गाळ्यातली काढून टाकणे धोक्याचे असते, कारण शेजारशेजारच्या कमानी परस्परांचा आडवा रेटा तोलून धरतात आणि कमानीवरचे वजन उतरले की तो तोल बिघडतो; शेवटच्या गाळ्यात, जेथे पलीकडे कमानच नसते, तो रेटा लोखंडी ताणसळयांवर येतो, म्हणून फरशी उखडण्यापूर्वी त्या सळया शाबूत आहेत की नाहीत हे पाहून खालून टेकू द्यावे लागतात.