द्राक्षबागेतला मुक्काम : एका सहलीचा पूर्वेतिहास

आजचा विषय ऐकून संयोजकांनी जरा भुवया उंचावल्या होत्या. निवृत्त प्राध्यापक, तोही तत्त्वज्ञानाचा, आणि बोलणार कशावर, तर नवराबायकोनं नाशिकच्या द्राक्षबागांत वाइन चाखायला जाण्यावर! पण ही सहल आम्ही खरोखरच आखली आणि केली. आखताना वही उघडली आणि सवयीप्रमाणे वहीत खर्चाच्या आकड्यांऐवजी इतिहास शिरला. तो आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी एक खुलासा. या व्याख्यानात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. हिचं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं फोनवर सुचवलं, ‘आई-बाबा, नाशिकला वायनरीत दोन दिवस राहून या, सगळे जातात.’ ही लगेच म्हणाली, ‘अहो, जन्म द्राक्षांत गेला, आता द्राक्षं बघायला पैसे मोजायचे?’ तिच्या नकाराला दुसरंही एक कारण होतं, त्याकडे पुढे येऊ.

कुठलीही सहल आखताना पहिला प्रश्न असतो, जायचं कधी? युरोपातली पुस्तकं वाचून कुणी सप्टेंबर-ऑक्टोबरात नाशिकला गेलं तर त्याला घड दिसायचे नाहीत, छाटलेल्या काड्या दिसतील. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहराची छाटणी, ती फळासाठी. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्या उन्हात ती झोपतच नाही, म्हणून कात्रीनं तिला वेळापत्रक लावून द्यावं लागतं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी मग साधारण जानेवारी ते मार्च या काळात येते. दिवसा ऊन, रात्री चांगली थंडी आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, नाशिकचं सगळं भांडवल एवढंच. गंमत अशी की चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला आला, तेव्हा तिथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं याचं त्याला नवल वाटलं होतं. आम्ही फेब्रुवारी ठरवला, आणि तोही आठवड्याचा मधला वार. शनिवार-रविवारी मुंबई-पुणे तिथंच असतं.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. जोडप्यानं मिळून, बागेत, मद्याचा पेला हातात घेऊन दिवस घालवायचा, ही कल्पना आली कुठून? आपल्या परंपरेत ती आहे का?

आहे, पण आपल्याला वाटते तशी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘नागरक’ म्हणजे शहरी रसिक माणसाची दिनचर्या आहे. त्यात समापानक म्हणजे मित्रांनी मिळून मद्यपान, आणि उद्यानगमन म्हणजे बागेतली सहल, हे दोन्ही येतात. सकाळी नटूनथटून घोड्यावरून निघायचं, दिवस खेळात घालवायचा, दुपार कलल्यावर बागेची काही खूण बरोबर घेऊन परत यायचं. आजच्या सहलीचं वेळापत्रक याहून फार वेगळं नाही! फक्त या सहलीत बरोबर असते ती गणिका. बायको कुठं आहे, तर त्याच ग्रंथात पुढं गृहिणीच्या कर्तव्यांत ती घराच्या परसात झाडं लावते आहे, आळी करते आहे. बाग दोन्हीकडे आहे. पण तो बागेत जातो आणि ती बाग राखते. हे वाचून दाखवल्यावर ही एवढंच म्हणाली, ‘मग चला, या खेपेला मी जाते.’ सहलीचं नक्की झालं ते त्या क्षणी. मुलीच्या फोनचं श्रेय मर्यादित आहे.

आणि द्राक्षाचं मद्य? संस्कृतात ते पाहुणं आहे. कौटिल्य द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हणतो आणि त्याच्या दोन जाती सांगतो, कापिशायन आणि हारहूरक. दोन्ही नावं परदेशी गावा-मुलखांवरून आलेली. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं. पाणिनीला तर या नावाची व्युत्पत्ती लावायला एक स्वतंत्र सूत्र खर्ची घालावं लागलं. बाटलीवर गावाचं नाव छापून तिची किंमत वाढवायची रीत फ्रेंचांनी शोधली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. कालिदासाच्या रघुवंशात द्राक्षाच्या मळ्यात बसून मद्य पिण्याचं वर्णन आहे, चौथ्या सर्गात. पण तिथं पिणारे रघूचे सैनिक आहेत, मळे पारसीकांचे आहेत, आणि ते शीण घालवताहेत तो लढाई जिंकल्याचा. प्रेमिक तिथं कुणी नाही. ह्युएनत्संग सातव्या शतकात नोंदवतो की क्षत्रिय द्राक्षाचं आणि उसाचं मद्य घेतात, तर ब्राह्मण आणि श्रमण द्राक्षाचा न आंबवलेला रस पितात. म्हणजे वायनरीतला ‘फक्त ज्यूस’वाला पाहुणाही जुनाच म्हणायचा.

आपल्या मातीत मात्र याचे तुकडे सापडतात, अगदी शब्दशः. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे. तिथं इटलीची जास्त पसंत, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी खास उंची वाइन वेगळी. ज्या कुंभांतून ही वाइन यायची, त्या निमुळत्या तळाच्या, दोन कानांच्या कुंभांची खापरं नेवाशाच्या उत्खननात मिळाली आणि मुंबईजवळ घारापुरीलाही मिळाली. नेवासे! जिथं पुढं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या प्रवरेच्या काठी कुणीतरी नेपल्सकडची वाइन ओतून घेत होतं. म्हणून आम्ही पहिल्या दिवसाची सकाळ वायनरीला न देता पांडवलेण्यांना दिली. तिथल्या सतराव्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा दानलेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा हा माणूस, नाव संस्कृत, दान बौद्ध संघाला. तो काय प्यायचा ते लेखात नाही, आणि आपणही कल्पना लढवू नये. पण परदेशी माणूस आणि परदेशी चव या डोंगराखालून पूर्वीही गेली आहे, एवढं मनात ठेवून उतरलो. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी सकाळी लवकर जावं.

दुपारी गंगापूर रस्त्याला लागलो. या रस्त्यावरून रोज शेकडो जोडपी वायनरीकडे जातात. वाटेत आनंदवल्ली लागते. रघुनाथराव पेशव्यांनी इथं वाडा बांधला आणि गावाला हे नाव आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात. पुढं गंगापूर, तिथं नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई वैधव्यात येऊन राहिल्या होत्या. पेशवाईतल्या दोन मानी बायका, दोघींच्या नशिबी ही एकच वाट. एकीच्या नावाचं गाव झालं, दुसरीनं व्रतस्थ दिवस काढले. गाडी दोन्ही गावं फार तर काही मिनिटांत ओलांडते. आम्ही ड्रायव्हरला थोडं थांबवलं, तर तो म्हणाला, ‘काका, इथं बघण्यासारखं काही नाही.’

मग गंगापूर धरण, १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण. वायनरीच्या सज्जात बसून जो तलाव ‘रोमँटिक’ दिसतो तो हाच. निसर्ग म्हणून ज्याचे फोटो निघतात ते पाटबंधारे खात्याचं काम आहे, हे आम्हाला आवडलं.

आता वाइनचा आधुनिक इतिहास थोडक्यात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही, नाव बदलून, लागू आहे. महाराष्ट्रात वाइन प्यायलाही वयाची एकवीस वर्षं आणि परवाना लागतो. अशा राज्यात १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रानं फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशी पाठवली. १९९० च्या दशकात स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून राजीव सामंत नाशिकला आले. आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून सुला हे नाव ठेवलं, आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. चार-पाच वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनऱ्यांचं पेवच फुटलं.

हिच्या भावानं, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, २००४ साली दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली. एका वायनरीशी करार झाला होता. ती कुठली, ते इथं सांगत नाही. पहिली तीन-चार वर्षं उत्तम गेली. मग २००८ ची जागतिक मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस, आणि टाक्यांत आधीच न खपलेली वाइन. कंपनीनं माल उचलला नाही. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खायची द्राक्षं भाव पडला तरी बाजार समितीत नेता येतात, नाहीतर त्यांचे बेदाणे होतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बी मोठी, साल जाड. कार्यालयात शिरस्तेदाराच्या टेबलावर ठेवलं तरी कुणी हात लावायचं नाही! त्याला एकच गिऱ्हाईक, आणि तेच गेलं. मेहुण्यांनी घड वेलीवरच सुकू दिले आणि २०१० साली बाग उपटली. जिल्ह्यात असं करणारे ते एकटे नव्हते. तारांचे खांब विकले, उधारी पुढं सात वर्षं फेडली. हिनं त्यानंतर वायनरी हा शब्द घरात काढला नाही. आम्हीही नाही.

याच काळात वायनऱ्यांनी पाहुण्यांच्या खोल्या बांधल्या. टेस्टिंग रूम आधीपासून होती, पण राहण्याची सोय, संगीताचे जलसे, जोडप्यांसाठी खास बेत, हा सगळा विस्तार २०१० च्या आगेमागे झाला. यात नाशिकनं नवं काही केलं नाही. जर्मनीत ‘वाइन रस्ता’ १९३५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पालाटिनेटमध्ये सुगी अमाप आली होती, वाइन पडून होती. तिचा व्यापार ज्यांच्या हाती होता त्या ज्यू व्यापाऱ्यांना नाझींनीच हुसकावलं होतं. मग गिऱ्हाईक आणायचं कुठून? तर रस्त्याला नाव द्यायचं, फलक लावायचे, आणि शहरी जोडप्यांना म्हणायचं, या, द्राक्षमळ्यांतून फिरा. आज तिथं मधुचंद्राला जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नसावं. तुलना आम्ही ताणत नाही. नाझींचा गुन्हा एकीकडे, आपल्याकडचा तोटा दुसरीकडे. साम्य एवढंच की दोन्हीकडे आधी न खपलेली वाइन होती आणि मग प्रणयरम्य निसर्ग आला.

प्रत्यक्ष चाखण्याबद्दल दोन शब्द, कारण पत्रांत तेच विचारलं जातं. आधी पांढऱ्या, मग गुलाबी, मग लाल, गोड शेवटी. प्रत्येक वेळी घोटभर. आणि थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्री गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकावंच. आमचा पेच वेगळाच झाला. पाच पेल्यांचा एक संच घेतला आणि दोघांत वाटून प्यायला लागलो. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी, बहुधा नातवंडांबरोबर आल्या असाव्यात, हळूच म्हटलं, ‘उष्टं चालतं वाटतं तुमच्यात.’ ही म्हणाली, ‘लग्नात एका ताटात जेवलो तेव्हापासून.’

आम्ही तीस वर्षं वर्गात ह्यूमचा १७५७ चा अभिरुचीवरचा निबंध शिकवला. त्यात सँको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट आहे. एक म्हणतो वाइन उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो उत्तम, पण लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली निघते. ह्यूमला म्हणायचं होतं की चव ही निव्वळ ‘ज्याची त्याची’ नसते, तिला वस्तूत काहीतरी आधार असतो. शिकवताना हे आम्ही फळ्यावर लिहायचो, पण जिभेवर तपासलेलं नव्हतं. चौथा पेला शिराझचा होता. तिथल्या मुलानं विचारलं, ‘आजी, काय जाणवतं?’ त्याला मिरी, जांभूळ असं काही उत्तर अपेक्षित असावं. हिनं घोट घेतला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘दादाच्या बागेत हीच होती.’ तो मुलगा गोंधळला. आम्ही त्याला सगळं सांगत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी ठरलेला बोटीचा कार्यक्रम रद्द करून निफाडला गेलो. त्या दोन एकरांत आता खायच्या द्राक्षांचा मांडव आहे. उभ्या तारा गेल्या. मांडवाखाली वाकून चालावं लागतं. तोडणी सुरू होती, बायका क्रेट भरत होत्या. मेहुणे ऐंशीला टेकले आहेत. हिनं पिशवीतून वायनरीची बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली. आम्हाला जरा धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं, जातीचं नाव वाचलं, आणि विचारलं, ‘केवढ्याला?’ किंमत सांगितली. ‘आम्हाला किलोला काय द्यायचे, आठवतं का तुला?’ एवढं म्हणून त्यांनी सुनेला पेले आणायला सांगितलं. स्टीलचे आले.

प्रश्नांसाठी दहा मिनिटं आहेत. फेब्रुवारीतल्या खोल्यांच्या भाड्याबद्दल मात्र आम्हाला विचारू नका, ते मुलीनं भरलं.