कयाधूचे डोह

हिंगोलीची कयाधू नदी पाहायची तर वैशाखात पाहावी. पात्रात ठिकठिकाणी डोह उरलेले असतात. मधे वाळू आणि खडक. पाणी असते, पण प्रवाह नसतो. धातूंच्या एका अद्भुत गुणधर्माचा इतिहास वाचताना हे दृश्य मला वारंवार आठवले.

८ एप्रिल १९११ रोजी हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्यात आला आणि त्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. पारा निवडला तो ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो म्हणून. भेसळ विजेची वाट अडविते, हे तेव्हाही ठाऊक होते. गंमत अशी की, पुढे पाऱ्यात मुद्दाम दुसरे धातू मिसळले, तरी हा चमत्कार घडतच राहिला!

असे का, हे समजण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखविले की, अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वावरतात व साऱ्या जोड्या एकाच तालात चालतात. चुंबकीय नसलेल्या साध्या भेसळीने या जोड्या मोडत नाहीत, असे १९५९ साली फिलिप अँडरसन यांनी प्रतिपादिले. परंतु याच अँडरसन यांनी आदल्याच वर्षी लिहिले होते की, अणूंची रचना पुरेशी विस्कळीत असेल, तर इलेक्ट्रॉन जागीच अडकून पडतो. असा पदार्थ अखेर निरोधक ठरतो. मग अव्यवस्था निरुपद्रवी म्हणावी की घातक? दोन्ही निबंध एकाच लेखणीतले, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे.

१९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हॅविलँड, लिऊ आणि गोल्डमन यांनी बिस्मथचे अतिशय पातळ थर घेऊन ही सीमारेषाच गाठली. थर किंचित जाड असेल, तर थंड होताना त्याचा रोध शून्याकडे जाई. किंचित पातळ असेल, तर तोच रोध वाढत जाई. पदार्थ एकच, पण एक थर अतिसंवाहक तर दुसरा निरोधक.

यापुढील एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अमित घोषाल, मोहित रंदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी १९९८ साली संगणकावर गणित मांडले. अव्यवस्था सर्वत्र सारखीच पसरलेली असली, तरी अतिसंवाहकता मात्र बेटाबेटांत गोळा होते, असे त्यांना आढळले. बेटांवर जोड्या शाबूत असतात. तुटतो तो बेटाबेटांमधील ताल. चर्चच्या गायनवृंदातील सर्वांना गीत तोंडपाठ आहे, पण प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसविले, तर प्रत्येकाचे गाणे होईल, समूहगान होणार नाही. तसेच हे. कयाधूचे डोह मला आठवले ते इथेच.

त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम नायट्राइड या संयुगाचे पातळ थर बनविले. हे संयुग चांगल्या स्थितीत साधारण उणे २५७ अंशांवर अतिसंवाहक होते. थर बसविण्याची परिस्थिती बदलून त्यांनी अणूंच्या रचनेत हळूहळू अधिकाधिक उणिवा निर्माण केल्या. तसतसे ते तापमान घसरत गेले आणि शेवटी अतिसंवाहकताच लोपली. २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतील मर्म मात्र निराळेच आहे. अतिशय विस्कळीत थर तापवून त्याची अतिसंवाहकता घालविली, तरी सूक्ष्मदर्शकाच्या अणुतीक्ष्ण सुईला जोड्यांची खूण काही अंशांपर्यंत सापडत राहिली. नदी थांबली होती, डोह आटले नव्हते.

सर्वच पदार्थांत असे घडते, असे मात्र नाही. काही थरांत अव्यवस्था वाढली की इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षण प्रबळ होते आणि जोड्याच विरून जातात. तेथे डोहसुद्धा उरत नाहीत. कोणत्या पदार्थात कोणता मार्ग, यावर वाद अजून चालू आहे.