चारशे मीटरची रेल्वे

विदर्भातली शकुंतला गाडी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ही छोटी लाइन कापसासाठी टाकलेली. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला, आणि मग गाडीही थांबली. आज जपानमधली अशीच एक गोष्ट ऐका.

ओकायामा प्रांतात यानाहारा नावाची खाण होती. तिथे निघायचं गंधकयुक्त लोहखनिज. त्यापासून गंधकाम्ल व्हायचं आणि त्यातून पुढे रासायनिक खत. हा माल समुद्रकाठच्या काताकामीला न्यायला १९२३ मध्ये रेल्वे सुरू झाली, १९३१ मध्ये ती खाणीपर्यंत पोचली. लांबी जेमतेम ३४ किलोमीटर. त्याच रुळांवरून गावकऱ्यांचंही येणंजाणं चालायचं. मग खनिज तेल शुद्ध करताना निघणारं गंधक स्वस्तात मिळू लागलं आणि खाणीचा धंदा बसला. १९९१ मध्ये खाण बंद झाली, त्याच वर्षी ३० जूनला रेल्वेही.

रुळांच्या जागी आता सायकलींचा रस्ता आहे. पण त्रिकोणी छपराचं योशिगाहारा स्टेशन टिकलं, कारण रेल्वेवर जीव असलेल्या काही लोकांनी जतन मंडळ काढलं. १९९८ मध्ये तिथे खाणीचं संग्रहालय आणि बाग झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे स्वयंसेवक जुन्या डिझेल गाड्या चालवतात. अंतर किती? सुमारे ४०० मीटर! तिकीट नाही, एका दिवसाचं सभासद व्हायचं आणि बसायचं.

यातली १९३४ ची ‘किहा ३०३’ मला सगळ्यांत मोलाची वाटते. जुन्या ट्रकसारखा क्लच दाबून, आवाजाचा अंदाज घेत तिचा गिअर बदलावा लागतो. आपल्याकडे जुनं इंजिन रंगवून स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवतात. छान दिसतं, फोटोही निघतात. पण ते चालवणारा शेवटचा ड्रायव्हर गेला, की गिअर केव्हा टाकायचा हे सांगणारं कोणी उरत नाही. योशिगाहाराला हे काम आजही हाताने शिकवलं जातं. चालवणं, तेलपाणी, दुरुस्ती, गंज खरवडणं, सगळं बिनपगारी. रविवारची हौस म्हणून सोडून देण्याइतकं हे सोपं नाही.

जायचं झालंच, तर सान्यो लाइनवर वाके स्टेशनला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. तारीख मात्र आधी बघून घ्या. इतर दिवशी गाड्या बघायला मिळतील, बसायला नाही.